जुन्या चार कमानी

विहिरीचं पाणी कडू झालं आणि उंटांनी त्याच्यावरून तोंड फिरवलं, तेव्हाच वस्तीला कळून चुकलं की आता या वाळूत फार दिवस निघायचे नाहीत. जाणत्या माणसांनी बाभळीखाली बसून काय ते ठरवलं. उत्तरेला हुरीच्या डोंगराच्या पायथ्याशी अजून थोडा चारा होता, तिकडं सरकायचं. पण मधे धाकीच्या लेकीचं, तलासोचं लग्न होतं. चंद्र बघून धरलेला दिवस, तो कुणाच्या बापाला हलवता येत नव्हता. म्हणून आधी लग्न आणि लग्नाच्या तिसऱ्या दिवशी कूच, असं ठरलं. लग्नाला सहा दिवस उरले होते.

लग्न आणि कूच, दोन्हींचा घोर धाकीला एकाच कारणानं लागला होता. ते कारण तिच्या डोक्यावरच होतं.

धाकीचं घर आठ कमानींचं. बाभळीची मुळं वाकवून केलेल्या आठ कमानी, त्यांच्यावर बायकांनी हातानं विणलेल्या चटया, आणि वाऱ्याच्या अंगाला दोन कातडी. दार मावळतीला. आत वाकून जायचं, वाकूनच बाहेर यायचं. एवढ्यात धाकी, तिचा नवरा यातानी, सासू बोकायो, लग्नाची तलासो आणि धाकटी अधो अशी पाच माणसं राहत होती. पण दुपारी खालच्या चटया गुंडाळून वर केल्या की आत असा वारा खेळे की शेजारणी हातातलं काम टाकून तिथं येऊन बसत. उठायचं ठरलं की सकाळच्या प्रहरात घर उतरून उंटाच्या पाठीवर. मागं राहायचे ते चुलीचे तीन दगड आणि मूठभर राख. धाकीला आपल्या घराचा अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

आठांतल्या मागच्या चार कमानी जुन्या होत्या. त्या धाकीच्या आईच्या, आणि त्याआधी आईच्या आईच्या. धुरानं आणि तुपाच्या हातांनी काळ्या पडलेल्या, शिंगासारख्या कडक. लेक लग्न होऊन निघाली की तिच्या घराला आईच्या घरातलं लाकूड द्यायचं, ही रीत. थोरलीच्या लग्नात सहा कमानी गेल्या, तेव्हा चौदा कमानींचं घर आठांवर आलं. आता तलासोच्या वाट्याला या जुन्या चार जायच्या होत्या.

आणि त्याच चार कमानी कूच करताना उंटाच्या पाठीवर, दोन्ही अंगांना दोन-दोन बांधल्या की त्यांचा पाळणा होई, आणि त्या पाळण्यात बोकायो बसे. दोन वर्षांपूर्वी उंटिणीच्या लाथेनं तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून तिचे पाय गेले ते गेलेच. पुढच्या चार कमानी बारक्या. त्यांच्यावर चटया राहत, माणूस राहिला नसता. कमानी लेकीला दिल्या तर सासू मागं राहणार, आणि सासूसाठी ठेवल्या तर लेकीच्या घराला आईचं लाकूड नाही.

यातानीला यात कोडं असं काही दिसत नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ सोरा बोअरवेलच्या गावात राही. कुठल्याशा योजनेत त्याला पत्र्याची खोली मिळाली होती.

"पाऊस पडूस्तोवर आई ऱ्हाईल सोराकडं," यातानी म्हणाला. "डोक्यावर पत्रा हाय, पानी दाराशी हाय. आनखी काय पायजे मानसाला?"

"गेल्या उन्हाळ्यात ऱ्हायल्या की म्हैनाभर. पाठीला जखमा घिऊन आल्या."

"तवा तिची तब्येतच बरी न्हवती."

"पत्र्यात कुनाची बरी ऱ्हाती? भावजींची बायकू सोता अंगनात चटयांचं घर बांधून निजती. पत्र्यात करडं कोंडल्याती."

धाकी म्हणत होती ते खरं होतं आणि यातानीलाही ते ठाऊक होतं. त्या महिन्यात भर दुपारी म्हातारी तापल्या पत्र्याखाली एकटी पडून हाका मारी, आणि घरची माणसं खोलीच्या सावलीला बाहेर बसलेली असत. हाक ऐकू यायची, पण आत पाय टाकवत नसे. हे बोकायोनं कुणाला सांगितलं नव्हतं. सोराच्या बायकोनंच हसत हसत सांगितलं होतं.

आताही बोकायो चार हातांच्या अंतरावर पडून सगळं ऐकत होती. एवढ्याशा घरात न ऐकण्याची सोय नसते. तिनं भिंतीकडं तोंड केलं होतं आणि झोपल्यासारखा श्वास लावला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धाकी आणि तलासो कोरड्या नदीच्या पात्रात मुळं काढायला गेल्या. पाऊस झालेल्या वर्षी बाभळीचं मूळ हातभर वाळू उपसली की लागतं. या वर्षी ते कमरेएवढ्या खड्ड्यात सुद्धा पेन्सिलीएवढं बारीक निघे. लांब, सरळ, मनगटाएवढं मूळ हवं, आणि तशी चार हवीत. लोखंडी पहारीनं धाकीचे तळहात फोडांनी भरले, फोड फुटले, मग त्यांत वाळू गेली. तलासोच्या हातांना काही होऊ नये म्हणून तिनं पोरीला पहार दिली नाही, नुसती वाळू ओढायला लावली. नवरीचे हात लोक बघतात. दोन दिवसांनी चार मुळं निघाली.

मूळ वाकवायचं तर आधी ते ओल्या वाळूत गाडून ठेवावं लागतं. घरात पाण्याचे तीन कॅन होते, आणि ते यातानीनं दोन दिवसांची चाल करून लांबच्या गोड विहिरीवरून आणले होते. धाकीनं एक कॅन उचलला तसा तो उठून उभा राहिला.

"लाकडाला पानी पाजतीस व्हय गं? उंटाची वासरं जीब बाहीर काढून बसल्याती."

"माझ्या वाट्याचं हाय."

"तुझा वाटा कॅनभर कवापासनं झाला?"

"चा पिनार न्हाई म्या. न्हानार न्हाई. मोजून घ्या."

त्यानं मोजलं नाही, पण कॅनही सोडला नाही. शेवटी अर्धा कॅन मिळाला. त्या पाण्यात चार मुळं भिजली, दगडांभोवती वाकली, दोरीनं आवळून बांधली. पुढचे तीन दिवस धाकीनं चहाला तोंड लावलं नाही आणि दुपारी तिचं डोकं भणभणत राहिलं. तसं वाकवलेलं मूळ सावलीत अख्खा एक हंगाम वाळू द्यावं लागतं, तेव्हा कुठं ते माणसाचा भार घेतं. धाकीच्या हातात होते तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी दोऱ्या सोडल्या. कमानी पिवळट, गुळगुळीत, कोवळ्या दिसत होत्या. तलासो आईच्या हातातल्या कमानींकडं बघत म्हणाली, "आई, ह्या कुनाच्या?"

"तुझ्या घराच्या."

तलासोनं मागच्या काळ्या कमानींकडं पाहिलं, खाली पडलेल्या आजीकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. लग्नाची पोर होती, पण समज होती तिला.

मग धाकीनं ते काम केलं ज्याची तिला पुढं कितीतरी वर्षं लाज वाटली. तिनं चारी कमानींना तूप चोळलं. घराच्या चटया चहूबाजूंनी खाली सोडल्या, मधे शेणाचा आणि ओल्या काटक्यांचा धूर केला आणि कमानी धुरात टांगल्या. दुपारभर धूर दिला, पुन्हा तूप चोळलं, पुन्हा धूर दिला. संध्याकाळपर्यंत कमानी काळ्या झाल्या. बोकायो आतच होती. तिला बाहेर नेऊन ठेवायचं तर दोन माणसं लागली असती, आणि दुसऱ्या माणसाला धूर कशाचा ते सांगावं लागलं असतं. म्हातारी तोंडावर फडकं धरून खोकत राहिली आणि हे काय चाललंय म्हणून तिनं एकदाही विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळीच नवऱ्याकडच्या बायका आल्या. त्यांची वस्ती हाकेच्या अंतरावर येऊन उतरली होती. तिथं, नवऱ्याच्या आईच्या घराच्या शेजारी, जमीन झाडून साफ केलेली होती, आणि उंट चरून परतायच्या आत त्या जागेवर तलासोचं घर उभं राहायला हवं होतं. विहीण गुयातो अंगानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. घरी उंट उदंड, त्यामुळं तिच्या बोलण्याला लोक हसत, विनोद असो वा नसो.

धाकी आणि शेजारणी पाठीवर सामान घेऊन गेल्या. चटया, दोऱ्या, हांतरायचं कातडं, दुधाची भांडी. गुयातो प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघे, वास घेई, मग मागच्या बाईकडं देई. चटयांना तिनं नावं ठेवली नाहीत. मग कमानी आल्या. पहिली कमान तिनं हातावर तोलली. थोडी वाकवून बघितली. नाकाशी नेली. आणि अंगठ्याचं नख तिच्यावरून ओढलं.

काळ्या लाकडावर पांढरी रेघ उमटली.

"विहीनबाई," गुयातो आवाज न चढवता म्हणाली, "ही तुमच्या आईची कमान न्हवं?"

धाकीच्या तोंडातून नुसतं "व्हय" निघालं.

"मग तुमची आई लई तरनी म्हनायची."

बायका हसल्या. धाकीच्या बाजूच्या दोघी-तिघीही हसल्या, आणि ते तिला जास्त लागलं. पलीकडं कापड पांघरून बसलेली तलासो हलली नाही. नवरीला त्या दिवशी बोलता येत नाही.

गुयातो हसली नव्हती. "पोरीच्या देजात आमच्याकडची उंटं तुमच्या मालकांनी दात बगून घेतली. म्या लाकूड बगून घेऊ नगं? हिच्याखाली माझी सून निजनार. म्होरल्या वर्साला तिच्या कुशीला ल्योक निजंल. वारं सुटलं की हे मोडून त्यांच्या उरावर येनार. तवा कुनाला इचारू म्या?"

गुयातो बोलत होती ते बरोबर होतं. खरं कारण सांगून धाकी सुटू शकली असती. पण सासूचं ओझं झालंय असं चाळीस बायकांपुढं उच्चारायला तिची जीभ वळली नाही. तिनं चारी कमानी उचलल्या आणि आपल्या घराकडं चालू लागली. तेवढ्या अंतरात तिला आपली पाठ उघडी असल्यासारखी वाटत होती.

घरात शिरून ती मागच्या कमानींच्या गाठी बघत उभी राहिली. हात वर जाईना.

"काढ," बोकायो खालून म्हणाली. इथवर हसणं ऐकू आलंच होतं.

"आत्याबाई, मग तुमी..."

"धूर म्या खाल्ला आन् बोलनी तू खाल्लीस. आता फुरं. सूर्व्य कलला, काढ बिगीनं."

धाकीनं गाठी सोडल्या. एकेक कमान निघाली तसतसा म्हातारीवरचा आडोसा गेला आणि ऊन तिच्या पायांवरून, पोटावरून चढत तोंडावर आलं. तिनं डोळे मिटून घेतले. धाकीनं दोन काटक्यांवर आपली ओढणी ताणून तिच्या तोंडावर सावली केली, जुन्या कमानी खांद्यावर घेतल्या आणि पुन्हा तीच वाट धरली. गुयातोनं या खेपेला नख ओढलं नाही. तिनं कमान हातात घेतली, कपाळाला लावली आणि पहिली गाठ स्वतः मारली. उंट परतले तेव्हा घर उभं होतं, बायका गात होत्या आणि तलासो आईच्या आईच्या लाकडाखाली बसली होती. धाकीनं त्या दिवशी काही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यातानीनं सांगून टाकलं, "सोराला निरोप धाडलाय. उद्या गाढव घिऊन यील."

धाकीनं वाऱ्याच्या अंगाचं एक कातडं घरावरून ओढून काढलं, सुरीनं त्याच्या बोटभर रुंद वाद्या कापल्या आणि उरल्यासुरल्या पाण्यात ओल्या केल्या. मग चारी कोवळ्या कमानींवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्या वाद्या दात लावून आवळत गुंडाळत गेली. ओली वादी वाळताना आवळते. दिवसभर ती हेच करत होती. फुटलेल्या तळहातांचं रक्त वाद्यांना लागत होतं. यातानी दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, कातडं बी गेलं, आता वारं अडवायला काय लावशील? धाकी म्हणाली, तुमाला बशिवते. एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली.

तिसऱ्या दिवशी उजाडताच वस्ती उठली. सोरा गाढव घेऊन आला होता, आणि कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं म्हणून अंग चोरून उभा होता. उंट बसवला. पाळणा बांधला. त्यावर लोखंडी पेटी, मोठं भांडं, चटयांची वळकटी, रिकामे कॅन चढले, मग दोघांनी उचलून बोकायोला आत बसवलं. उंट उठला तशी चारी कमानींनी कर्र केलं.

"मोडनार हे," यातानी म्हणाला. "धाकी, हट सोड. वरनं पडली तर जिती ऱ्हायची न्हाई ती. आई हाय माझी."

हे तो मनापासून बोलत होता. धाकीलाही भीती वाटत होती, त्याच्याइतकीच. तिनं उंटाला पुन्हा बसवलं. मग पेटीची दोरी सोडली.

पेटी तिची आवडती होती. हिरव्या रंगाची, कडीकुलुपाची, वस्तीत तशी दुसरी नव्हती. ती तिनं उतरवून सोराच्या पायाशी ठेवली. मोठं भांडं ठेवलं. दुसरं कातडं, जास्तीच्या दोन चटया, लाकडी खाटेच्या पट्ट्या ठेवल्या. उंटावर कमानी, पाच चटया आणि म्हातारी एवढंच राहिलं.

"भावजी, ह्ये न्या," ती म्हणाली. "पत्र्याच्या खोलीत ह्ये चांगलं ऱ्हाईल. ह्याच्या पाठीला जखमा व्हत न्हाईत."

सोरानं मान खाली घातली. बोकायो वरून म्हणाली, "सोरा, पेटी करडांपासनं जप रं. मुततील तिच्यावर." तेव्हा कुठं तो थोडा हसला, आणि डोळे पुसून पेटी गाढवावर चढवायला लागला.

यातानी उभाच होता. मग त्यानं रिकामे कॅन उचलून पाठीशी बांधले, उंटाची दोरी हातात घेतली आणि चालायला लागला. धाकीनं दुधाची भांडी पाठीवर घेतली आणि अधोला बोट दिलं.

सपाट वाळूत काही झालं नाही. दुपारनंतर काळ्या दगडांचा चढ लागला. उंट प्रत्येक पावलाला डावीउजवीकडं झुके आणि कमानी बोलत. चढाच्या मध्यावर डाव्या अंगाची एक कमान काडकन वाजली. धाकी धावली. लाकूड आत उभं चिरलं होतं, पण वादीनं ते धरून ठेवलं होतं. पाळणा वीतभर खाली आला होता आणि बोकायो दोन्ही हातांनी दोरी धरून बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"चला," ती म्हणाली. "थांबून काय व्हनार हाय?"

यातानीनं दोरी धाकीच्या हातात दिली. तो डाव्या अंगाला गेला, वाकला आणि चिरलेल्या कमानीखाली आपला खांदा लावला. तसाच, उंटाच्या पावलाबरोबर पाऊल टाकत, तो सगळा चढ चढला. त्याचे पाय दगडांवर घसरत होते, श्वास भात्यासारखा वाजत होता, पण वर पोहोचेपर्यंत त्यानं खांदा काढला नाही. धाकी पुढं चालत होती. तिनं एकदाच मागं बघितलं आणि तिच्या मनातला आठ दिवसांचा राग तिथंच उतरला.

नव्या जागी उतरले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. धाकीनं आधी बोकायोला जमिनीवर निजवलं आणि घर तिच्या भोवतीनं बांधायला घेतलं. चिरलेली कमान चिरेपाशी तोडावी लागली, मग बाकीच्याही तिच्या मापाला आणून जमिनीत खोल गाडाव्या लागल्या. पाच चटयांत जेवढं झाकलं जाईल तेवढंच घर. अधो आधी आत गेली आणि शेळीच्या घरात आल्यासारखं वाटतं म्हणाली. यातानी रांगत शिरला, उठून बसायला गेला आणि त्याचं डोकं कमानीला आपटलं.

"बसाय बी येत न्हाई गं हितं," तो कुरकुरला. खांद्यावरची कातडी सोलली होती, तिथं तो हात लावून बघत होता.

धाकी दाराशी बसली होती. दूध काढून भांडं आत टांगलं होतं, पण उठून ते घ्यावं, सगळ्यांना द्यावं, एवढीही ताकद अंगात नव्हती. आपण सगळ्यांना या टोपलीत आणून कोंबलं, आणि ते कोणाच्या भल्याचं झालं, असं तिच्या मनात येत होतं.

तेवढ्यात बोकायोनं पडल्या पडल्या हात वर केला. दोन वर्षं तो हात वर जाऊन रिकामाच खाली येत असे. आज बोटं कमानीला लागली. तिनं ती कमानीवरून फिरवली, टांगलेल्या भांड्यापर्यंत नेली, भांडं काढून छातीवर घेतलं आणि कुणाला हाक न मारता झाकण उघडलं. कोपरावर थोडी उठून तिनं झाकणात दूध ओतलं. थेंबसुद्धा सांडला नाही.

यातानी जवळ होता, त्यानं हात पुढं केला.

"थांब," म्हातारी म्हणाली, आणि झाकण त्याच्या डोक्यावरून दाराकडं धरलं. "घर जिचं, तिला आदी."